मधुमेहात दातांचे इम्प्लांट चालते का?

प्रश्न : आईचे वय ६२, मधुमेह आहे. काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवता येईल का?

उत्तर : साखर आटोक्यात असेल, तर बहुतेकदा येते.

इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दाताला आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होते, असे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये त्या रुग्णाचे निधन होईपर्यंत ते टिकले. दुसरा पर्याय असलेल्या ब्रिजसाठी (शेजारच्या दातांवर आधारलेला कृत्रिम दात) शेजारचे दात घासावे लागतात, इम्प्लांटसाठी नाही.

इम्प्लांटशी हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. अनियंत्रित साखर, तंबाखू आणि हिरड्यांचा आजार यांमुळे इम्प्लांट सैल होण्याचा धोका वाढतो.

आधी एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासणी आणि जबड्याचा सीबीसीटी (त्रिमितीय) स्कॅन करून घ्या. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू असल्यास दंतवैद्यांना जरूर सांगा.