भीतीच्या दिवसांत

विद्यार्थी मित्रांनो, २०२० सालचा रमजान तुम्हांला आठवतो का? तुम्ही तेव्हा लहान होता. कोरोनामुळे मार्चमध्येच सारा देश बंद झाला होता. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावात रात्रंदिवस खडखडणारे यंत्रमाग गप्प झाले. तरावीह घरोघरी झाली. २५ मे रोजी ईद आली, तेव्हा नाशिकचे शहाजहानी ईदगाह मैदान रिकामे होते. शेजारी दुरूनच सलाम करी. माणूस माणसाला भीत होता.

अशा वेळी भीती वाटली, म्हणून आपले ईमान कच्चे आहे असे समजू नका. सौर गुहेची हकीकत तुम्ही उर्दूत वाचली असेल. इ. स. ६२२ मध्ये मक्केचे शत्रू पाठलाग करत गुहेच्या तोंडाशी आले. त्यांनी नुसते आपल्या पायांकडे पाहिले असते, तरी आत बसलेले दोघे दिसले असते. हजरत अबू बक्र (रजि.) घाबरले. त्यांना स्वतःपेक्षा पैगंबरांच्या जिवाची काळजी होती. येथे आपण दोघेच नाही, अल्लाहही आपल्याबरोबर आहे, असा धीर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी त्यांना दिला.

ही हकीकत सांगताना आपण तिचा अर्धा भाग गाळतो. गुहेतल्या तीन रात्री नुसत्या बसून काढलेल्या नव्हत्या. हजरत अबू बक्र यांचे चिरंजीव अब्दुल्लाह दिवसा मक्केत कानोसा घेत आणि रात्री बातमी आणत. आमिर बिन फुहैरा शेळ्यामेंढ्या तिकडे नेत; त्यामुळे दूध मिळे आणि पावलांच्या खुणाही पुसल्या जात. वाटाड्या तर मुसलमानही नव्हता! पण तो वाटा जाणणारा आणि भरवशाचा होता, म्हणून त्याला निवडले.

पुढे हजरत उमर (रजि.) खलीफा असताना शामकडे निघाले. तेथे प्लेगची साथ आल्याचे वाटेत कळले. त्यांनी माघारी फिरायचे ठरवले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून आपण पळता काय? पळून जायचे तेही अल्लाहने लिहिलेल्या नशिबाकडेच, असे उत्तर देऊन हजरत उमर मदीनेला परतले. हजरत अबू उबैदा मात्र शाममध्ये आपल्या फौजेजवळ राहिले आणि त्याच साथीत वारले. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथून पळूही नये, अशी पैगंबरांची शिकवण होती.

या दोघांपैकी अधिक धीराचा कोण, यावर वर्गात मराठीतून बोला.