पाण्याखाली जाण्याआधीचा कागद : मालवणच्या स्कूबा डुबकीचं नियोजन मुलांकडून करून घेताना



इयत्ता : ५ वी ते ७ वी. विषय : गणित, विज्ञान, भूगोल, सगळंच थोडंथोडं. साहित्य : बादली, मोठी सिरिंज (सुई काढलेली), छोटा फुगा, भिंतीवरचं कॅलेंडर. वेळ : मी दोन तासिका धरल्या होत्या, चार लागल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या दिवशी पाचवीतली एक मुलगी कानात कापूस घालून आली. "काय गं, काय झालं?" विचारल्यावर म्हणाली, "मालवणला स्कूबा केलं बाई." कानाचा पडदा सुजला होता, डॉक्टरांनी औषध दिलं होतं. जाण्याआधी दोन दिवस तिला सर्दी होती. मी विचारलं, "दुखायला लागलं तेव्हा सांगितलं नाहीस?" तर म्हणाली, "पाण्यात कसं सांगणार? आणि पप्पांनी पैसे भरले होते."

हे वाक्य मला दिवसभर सुटलं नाही. हवेचा दाब आपण शिकवतो, बाटलीला भोकं पाडून पाण्याचा दाबही दाखवतो. पण त्याच वर्गातलं पोर खऱ्या दाबाखाली गेलं तेव्हा त्यातलं काहीच त्याच्या उपयोगी पडलं नाही. आपल्या कोल्हापूर भागातली निम्मी कुटुंबं दिवाळीत नाहीतर मे महिन्यात मालवण-तारकर्लीला जातात. म्हणून ठरवलं, पुढच्या वेळी जाणाऱ्या मुलांनी आधी कागदावर डुबकी मारायची.

सुरुवात ठिकाणापासून केली. सिंधुदुर्ग किल्ला सगळ्यांना माहीत असतो, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं हेही चौथीच्या इतिहासामुळे पाठ असतं. पण त्याच किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे मालवण सागरी अभयारण्य आहे, हे बहुतेकांना नवीन होतं. प्रवाळ म्हणजे दगड की झाड, यावर वर्गात चांगलीच जुंपली. तो प्राणी आहे. लहान लहान जीव एकमेकांना चिकटून राहतात, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना देतं. म्हणून त्याला उबदार आणि उजेड पोहोचेल असं उथळ पाणी लागतं. गोल दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. मी फळ्यावर दहा सेंटिमीटरची रेघ मारली आणि म्हटलं, हे तुमच्या वयाचं. त्यावर पाय देऊन फोटो काढायचा का, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. तोडून आणणं तर गुन्हाच आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे.

आता तारीख ठरवायची. हा भाग मुलांना फार आवडला, कारण उत्तर घरच्या कॅलेंडरात असतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ, त्यामुळे जूनपासून पाऊस सरेपर्यंत विषयच नाही. पाणी नितळ मिळण्याची शक्यता जास्त ती हिवाळ्यात. पण महिना ठरला तरी दिवस उरतो, आणि दिवस ठरतो भरतीवर. भरती पूर्ण होऊन पाणी क्षणभर थांबतं, त्याच्या आसपास पाणी जास्त स्वच्छ असतं आणि ओढही कमी. ती वेळ काढायला कोकणात एक जुना ढोबळ हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा. पाढ्यांमध्ये पाऊणकी होती ती काय उगीच नव्हे! (हा अंदाज आहे, प्रत्यक्ष जाताना बंदराचा भरतीचा तक्ताच बघायचा.)

मुलांनी लगेच ठरवलं, पौर्णिमेला जाऊ, सव्वाअकरा म्हणजे नाश्ता करून आरामात. तेव्हा भूगोलाचं पुस्तक उघडायला लावलं. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणजे मधल्या वेळात ओढ जोराची. अष्टमीला भांगाची भरती, ओढ कमी, पण वेळ सकाळी सहा. बराच वेळ डोकी खाजवल्यावर एका गटाने दशमी ते द्वादशी सांगितलं : भरती साडेसात ते नऊ, आणि उधाण अजून पुरतं आलेलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्याने विचारलं, "बाई, दिवाळी तर अमावास्येला असते." असते. लक्ष्मीपूजनाला उधाण, भाऊबीजेला द्वितीया, भरती दुपारी दीडच्या सुमाराला आणि उधाण अजून ओसरलेलं नाही. म्हणजे आपण सगळे ज्या दिवसांत गर्दी करतो, ते दिवस या हिशोबाने सगळ्यात सोयीचे नाहीत. सुट्टी बदलता येत नाही, पण दोन-चार दिवस पुढे सरकता येतं.

आता दाब. जनावरांच्या दवाखान्यातून मोठी सिरिंज आणली. इतकुसा फुगवलेला फुगा तिच्यात टाकला, तोंड बोटाने दाबलं आणि दट्ट्या ढकलला. फुगा आक्रसला. मागे ओढला, फुगा फुगला. हाच बॉईलचा नियम, १६६२ चा. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. वर एक, १० मीटरवर दोन, २० वर तीन. हवेचं आकारमान त्याच हिशोबाने निम्मं, तिसरा हिस्सा.

इथे जरा थांबा, कारण पालकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. "अहो, तीन-चार मीटरच तर नेतात, त्याला काय होतंय?" असं आपण म्हणतो. पण आकडे बघा. पहिल्या १० मीटरमध्ये हवा पूर्णाची निम्मी होते, पुढच्या १० मध्ये निम्म्याची एक तृतीयांश. म्हणजे सगळ्यात मोठा फरक वरच्याच थरात पडतो. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हळू फुंकलं की घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून हवा आत जाते आणि पडदा जागेवर येतो. हे दुखायच्या आधी, मीटर-मीटरला करायचं. सर्दी असेल तर ती नळीच सुजून बंद असते, फुंकून उपयोग नाही, आणि जोराने फुंकणं आणखी वाईट. त्यामुळे सर्दी आहे तर डुबकी नाही. चार मीटर असो की चाळीस. दमा, फिट येणं, हृदयाचा किंवा कानाचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याजवळही जाऊ नये. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून सही करणारे आपणच असतो. रीतसर प्रशिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्था मुलांना खुल्या समुद्रातल्या कोर्ससाठी १० वर्षांखाली घेत नाहीत. मूल ९ वर्षांचं असेल तर "दहाचं सांग" असं त्याला शिकवू नका.

फुगा मागे ओढल्यावर फुगतो, हे फुप्फुसासाठी. खाली घेतलेला श्वास रोखून वर आलं तर आतली हवा फुगते. अगदी दीड-दोन मीटरवरूनही इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीच रोखायचा नाही, आणि वर यायचं ते हळू.

मग आला सिलिंडर. वर्गातल्या प्रत्येकाने त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हटलं. त्यात असते आपलीच साधी हवा, सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, फक्त दाबून भरलेली. गणित असं दिलं : सिलिंडर १२ लिटरचा, २०० बार दाबाने भरलेला, म्हणजे २४०० लिटर हवा. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, हात लावायचा नाही, ती वर येण्याची शिल्लक. उरले १८००. माणूस वर मिनिटाला साधारण २० लिटर हवा वापरतो असं धरू. ५ मीटरवर दाब दीडपट, म्हणून ३० लिटर, हवा पुरते ६० मिनिटं. १० मीटरवर ४० लिटर, ४५ मिनिटं. २० मीटरवर ६० लिटर, ३० मिनिटं.

हे सुटल्यावर मी विचारलं, "आणि घाबरलेला असेल तर?" धावून आल्यावर आपण कसे श्वास घेतो ते एकाने करून दाखवलं. घाबरलेला माणूस २० ऐवजी ३० लिटर घेतो असं धरलं, तर १० मीटरवर ४५ ची ३० मिनिटं होतात. भीतीचासुद्धा हिशोब मांडता येतो, हे मुलांना भलतंच आवडलं. आणि गटात ज्याची हवा आधी संपत येते त्याच्या हिशोबाने सगळ्यांनी वर यायचं. इथे हुशार मुलाच्या वेगाने वर्ग चालत नाही.

खुणांचा तास मैदानात घेतला, तोंडावर बोट ठेवून. इथे माझीच फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी मी तिकडे उतरले, खाली रंगीत मासे बघून हरखले आणि सोबतच्या प्रशिक्षकाला अंगठा वर करून 'मस्त' म्हटलं. त्याने मला सरळ वर आणलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. त्रास असेल तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग जिथे दुखतंय तिथे बोट. कानात कापूस असलेली ती मुलगी ही खूण दहादा तरी करत होती.

परतीचा प्रवास नियोजनात कुणीच धरत नाही. खोल पाण्यात शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, तोवर कमी दाबाच्या ठिकाणी जायचं नसतं. म्हणून एका डुबकीनंतर विमानाला किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबायला सांगतात. आपण म्हणतो, आम्ही कुठे विमानाने जातो! पण घाट चढतोच की. आंबोली जवळजवळ ७०० मीटर उंच, खुद्द कोल्हापूर साडेपाचशे. पर्यटकांच्या उथळ, थोडक्या डुबकीत नायट्रोजन फार कमी मुरतो हे खरं, तरी प्रशिक्षकाला विचारून निघावं. सकाळी डुबकी आणि दुपारी घाट, यापेक्षा रात्रीचा मुक्काम बरा.

शेवटी प्रत्येकाने एक पान भरलं : तारीख, तिथी, भरतीची वेळ, खोली, हवेचा हिशोब, तब्येत, सोबती कोण. खाली एक ओळ मी छापून दिली होती, "मी वर चला अशी खूण केली तर मला कारण विचारणार नाही आणि पैशाचं बोलणार नाही", आणि तिथे पालकांची सही. काही पानं सहीविना परत आली. एका आईने त्या ओळीखाली 'अर्धे पैसे तरी परत मिळतात का?' असं लिहून पाठवलं. प्रश्न रास्त आहे. पैसे भरण्याआधी दुकानदाराला हाच विचारायचा, असं मी उत्तर पाठवलं.

त्या मुलीने 'सर्दी असल्यास' या रकान्यात लिहिलं होतं, "आई आणि मी होडीने किल्ला बघू. पप्पा आणि दादा खाली जातील." सही होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळा सुटताना फाटकाशी भेटले. टेम्पो चालू ठेवूनच म्हणाले, "बाई, ते पाऊणपटाचं काय असतं ते मला परत एकदा सांगा."