बालकाचा मोटारप्रवास आणि अपघात विभागाचे कर्तव्य

मोटारीतून प्रवास करताना तान्ह्या मुलास आईच्या मांडीवर घेऊन बसण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, ही त्यामागील भावना स्वाभाविक होय. परंतु वेगाचे गणित भावनेला जुमानत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलो वजनाच्या बालकास धरून ठेवण्यासाठी सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणत्याही मातेच्या हातांत नसते. सुटलेल्या बालकास बसणारा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. मातेने स्वतः पट्टा बांधलेला नसल्यास तिच्या शरीराचा भारही बालकावरच येतो.

टेनेसीचा अनुभव

अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला. लहान मुलांसाठी मोटारीत सुरक्षित आसन सक्तीचे करणारा अमेरिकेतील पहिला कायदा १९७७ साली तेथे संमत झाला व १९७८ च्या आरंभापासून अमलात आला. तथापि, मूल मोठ्या माणसाने हातांत धरलेले असल्यास चालेल, अशी सवलत त्यात ठेवण्यात आली होती. ही सवलतच घातक असल्याचे डॉ. सँडर्स सांगत राहिले आणि १९८१ साली ती रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. योग्य बाल-आसनामुळे मोटार-अपघातातील मृत्यूचा धोका एक वर्षाखालील बालकांत ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांत ५४ टक्क्यांनी कमी होतो, असा तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे.

रुग्णालयात काय करता येईल?

अपघातग्रस्त बालक अपघात विभागात आल्यावर ते मोटारीत कोठे बसले होते व कोणता पट्टा बांधला होता, याची चौकशी करून नोंद घेणे हा उपचाराचाच भाग होय. मोठ्यांसाठी असलेला पट्टा लहान मुलाच्या कमरेवर न राहता पोटावर सरकतो. पोटावर पट्ट्याचा वळ दिसल्यास आतड्यांना किंवा कमरेच्या मणक्यांना इजा झाल्याची शक्यता असते. आरंभी मूल ठीक दिसले तरी त्यास देखरेखीखाली ठेवणे इष्ट ठरते.

किरकोळ दुखापतीवर निभावलेल्या मुलाचे पालक त्या घटकेस हितोपदेश ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. परिचारिकेने दोष न देता त्यांस पुढील गोष्टी सांगाव्यात :

१. मूल घरी कसे न्यावयाचे, याचा विचार रुग्णालयातून निघण्यापूर्वीच करावा. मोठ्या अपघातात सापडलेले बाल-आसन पुन्हा वापरू नये; त्यातील इजा डोळ्यांस दिसेलच असे नाही.

२. तान्ह्या मुलाचे डोके जड व मान नाजूक असते. म्हणून त्याचे तोंड गाडीच्या मागील बाजूस राहील असे आसन घ्यावे. त्यामुळे आघात पाठ, मान व डोके यांवर सारखा विभागला जातो. आसनावर दिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत हीच रचना ठेवावी. पुढे पुढील दिशेचे पट्टेयुक्त आसन, आणि त्यानंतर उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बैठक उंचावणारे आसन वापरावे.

३. मागे तोंड असलेले आसन चालू एअरबॅगसमोर कदापि ठेवू नये. तेरा वर्षांखालील मुलांनी मागील बाकावरच बसावे.

ताप-खोकल्यासाठी आलेल्या बालकाच्या पालकांशीही या विषयावर दोन शब्द बोलता येतील. त्यासाठी अपघात होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायद्याची तरतूद

भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बाल-आसन यांविना मोटारीतून नेणाऱ्यास एक हजार रुपये दंड होऊ शकतो. ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आहे.

परंतु केवळ दंडाच्या भीतीने सवय बदलत नाही. आईची मांडी मायेची असली तरी धावत्या मोटारीत ती रक्षण करू शकत नाही, हे ज्याने जखमी बालकावर उपचार केले त्याच्या तोंडून ऐकले, तर पालकांस ते अधिक पटेल.