परदेशात फोनला रेंज हवी? निघण्याआधी एवढं करा

लेकीकडे एडिसनला निघालात, भाच्याकडे मेलबर्नला, की टूरबरोबर टोकियोला? बॅगेत चकल्या-लाडू भरायच्या आधी अर्धा तास फोनला द्या. पुण्यात भरभरून काड्या दाखवणारा फोन तिकडे मुका होऊ शकतो. पण तो मुका होणार की बोलणार, हे इथे जेवणाच्या टेबलावर बसूनच कळतं. पायऱ्या क्रमाने करा, एकही गाळू नका.

हाताशी घ्या: फोन, वही-पेन, घरचं वायफाय, सिमचा ट्रे उघडायची पिन आणि ज्या घरी उतरणार त्याचा पूर्ण पत्ता, झिप कोडसकट.

वेळ: आज अर्धा तास, उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं.

घरी: निघण्याच्या पंधरा दिवस आधी

१. फोनचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, तिथे सापडेल.
*जपून:* नुसतं नाव लिहून भागणार नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी ए५४ भारतात ‘एसएम-ए५४६ई’ आहे आणि अमेरिकेत ‘एसएम-ए५४६यू’. नाव तेच, पण आतले बँड, म्हणजे टॉवरशी बोलायच्या लहरींचे पट्टे, वेगळे. शेवटचं अक्षरसुद्धा उतरवा.

२. डायल पॅडवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन दिसले तर पहिला लिहा. तिथेच ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक आकडा दिसला, तर बाजूला ‘ई-सिम (कार्डाशिवायचं सिम) चालेल’ अशी खूण करा.
*जपून:* या पडद्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

३. तुमच्या मॉडेलचे ४जी बँड शोधून वहीत उतरवा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा जीएसएम अरीनावर मॉडेल क्रमांकासकट शोधा.
*जपून:* ज्या आकड्यांआधी इंग्रजी ‘एन’ आहे ते ५जीचे. ‘एन२८’ असला म्हणजे ४जीचा २८ असेलच असं नाही. दोन्हींसाठी वेगळे रकाने आखा.

४. आता जाणार त्या देशाची ओळ घ्या आणि तुमच्या यादीत असलेल्या आकड्यांवर बरोबरची खूण करा. ४जीचे मुख्य बँड असे:

- अमेरिका, टी-मोबाइल: २, ४, १२, ६६, ७१
- अमेरिका, एटी अँड टी: २, ४, ५, १२, १४, ६६
- अमेरिका, व्हेरायझन: २, ४, ५, १३, ६६
- ब्रिटन आणि युरोपातले बरेच देश: १, ३, ७, २०
- ऑस्ट्रेलिया: १, ३, ७, २८
- जपान, डोकोमो: १, ३, १९
- जपान, केडीडीआय: १, १८, २६
- जपान, सॉफ्टबँक: १, ३, ८

*जपून:* सगळ्यांवर खूण हवी असं नाही. पण अमेरिकेच्या ओळीत एक-दोनच खुणा पडल्या, तर पुढच्या पायरीवर थांबून नीट विचार करा.

५. लांब पोचणाऱ्या बँडभोवती गोल करा. अमेरिकेत ५, १२, १३, १४ आणि ७१, युरोपात २०, ऑस्ट्रेलियात २८, जपानमध्ये ८, १८, १९ आणि २६. हे बँड दूरवर जातात आणि भिंती ओलांडून घरात येतात. गोल आणि खूण एकत्र पडलेली कंपनी तुमची. ५ हा आपल्या जिओचा बँड आणि ८ एअरटेलचा, म्हणून भारतीय फोनांत हे दोन बहुधा असतात. पण १२, १३, ७१ आपल्याकडच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनांत नसतात.
*जपून:* एकाही गोलात खूण नसेल तर फोन शहराच्या रस्त्यावर चालेल. हायवेवर आणि तळघरात मान टाकेल.

६. निवडलेल्या कंपनीच्या वेबसाइटवर आयएमईआय टाकून फोन चालतो का ते बघा. स्वतःचा फोन घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठी तिथे तपासणीचं पान असतं.
*जपून:* बँड जुळले म्हणून ही पायरी गाळू नका. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ अखेरपर्यंत ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियातलं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं. आता तिथे साधा कॉलही ४जीवरून, म्हणजे व्होल्टीवरूनच जातो. तुमच्या फोनची व्होल्टी त्या कंपनीला मान्य नसेल तर इंटरनेट चालेल आणि कॉल लागणार नाही. एटी अँड टी तर स्वतःच्या यादीत नसलेल्या फोनांना घेतच नाही. ऑस्ट्रेलियात ज्या फोनवरून आणीबाणीचा ००० लागू शकत नाही, तो कंपनीला नेटवर्कवरून बंदच करावा लागतो.

७. कंपनीच्या कव्हरेज नकाशात उतरणार त्या घराचा पत्ता टाका. शहराचं नाव टाकू नका, गल्ली आणि झिप कोड टाका. मग तोच पत्ता एनपर्फच्या नकाशावरही बघा. तिथे लोकांच्या फोनांनी प्रत्यक्ष नोंदवलेली रेंज दिसते.
*जपून:* कंपनीचा रंगीत नकाशा बहुधा घराबाहेरची रेंज दाखवतो. घर रंगाच्या कडेवर असेल तर आत रेंज कमी मिळेल असं धरून चला.

८. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना, हे तपासा. आयफोनमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’, आणि खाली ‘कॅरिअर लॉक’. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं हवं. अँड्रॉइडमध्ये शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.
*जपून:* भारतात घेतलेला फोन सहसा मोकळा असतो. मुलाने अमेरिकेहून पाठवलेला जुना फोन मात्र हमखास तपासा.

९. सिम कोणतं घ्यायचं ते ठरवा. आठ-दहा दिवसांची टूर असेल तर भारतीय सिमवर रोमिंग पॅक. दोन-तीन आठवडे असतील आणि ई-सिमची खूण असेल तर प्रवासी ई-सिम. महिने काढायचे असतील तर तिथलं स्थानिक सिम.
*जपून:* तीन देशांत वेगळा विचार करा. चीनमध्ये स्थानिक सिमवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतं. दुबई-अबुधाबीत रेंज उत्तम असली तरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल अडवलेले असतात, त्याला फोनचा दोष समजू नका. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन स्थानिक सिमवर नोंदणीशिवाय १२० दिवसच चालतो.

१०. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, स्थानिक सिम घेणार असलात तरीही. बँकेचे ओटीपी याच नंबरवर येणार आहेत. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जा किंवा दुकानात जाऊन विचारा: ‘तिकडे एसएमएस येईल ना? त्याचे पैसे पडतील का?’
*जपून:* हे काम भारतात असतानाच उरका. रिचार्जची मुदतही परतीच्या तारखेपलीकडे न्या.

११. ई-सिम घेतलं असेल तर घरच्या वायफायवर बसवून ठेवा. क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर उघडा आणि आपल्या फोनने स्कॅन करा.
*जपून:* बसवून झालं की ते बंद ठेवा, पण काढून टाकू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात.

१२. महत्त्वाचे नंबर +९१ लावून साठवा. सोसायटीचा वॉचमन, बँक, डॉक्टर, सगळे.
*जपून:* नुसता दहा आकडी नंबर तिकडून लावला तर भलत्यालाच लागेल, नाहीतर लागणारच नाही. आणि रेंज गेली असं वाटून तुम्ही उगाच सेटिंग्ज उचकत बसाल.

विमानतळावर: उतरल्यावर

१३. एअरप्लेन मोड काढा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. नव्या देशात फोन पहिल्यांदा सगळे टॉवर शोधत फिरतो.
*जपून:* एवढ्यात पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं तर शोध परत पहिल्यापासून सुरू होतो. बॅगा येईस्तोवर फोन खिशात ठेवा.

१४. नवं सिम सुरू करा आणि मोबाइल डेटा त्याच्यावर वळवा. प्रवासी ई-सिम असेल तर त्या सिमचं ‘डेटा रोमिंग’ चालू करा.
*जपून:* रोमिंग पॅक नसेल तर भारतीय सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद आहे ना, ते बघा. दोन सिमांमध्ये आपोआप डेटा बदलणारं बटणही बंद करा, नाहीतर बिल बघून डोळे फिरतील.

१५. अजूनही रेंज नसेल तर नेटवर्क हाताने निवडा. ‘मोबाइल नेटवर्क’मध्ये जाऊन आपोआप निवडीचं बटण काढा. यादी यायला मिनिटभर लागेल. तुमच्या सिमचा ज्या कंपनीशी करार आहे तिच्या नावावर टिचकी मारा.
*जपून:* ‘फॉरबिडन’ लिहिलेल्या नावाच्या नादी लागू नका. आणि देश बदललात की आपोआप निवड परत चालू करा.

१६. काड्या आहेत पण नेट नाही? मग एपीएन, म्हणजे सिमच्या इंटरनेट जोडणीचं नाव, तपासा. सिमबरोबर आलेल्या मेसेजात किंवा कागदावर छोटा शब्द दिलेला असतो, तो जसाच्या तसा टाका.
*जपून:* शेवटी चुकून स्पेस पडली तरी नेट चालत नाही.

१७. घ्यायला आलेल्या माणसाला साधा कॉल लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, डायल पॅडवरून. बोलणं दोन्हीकडून ऐकू आलं की साधा कॉल लागतो याची खात्री झाली.
*जपून:* चाचणीसाठी ९११, ९९९, ११२ किंवा ००० मुळीच फिरवू नका.

मुक्कामी: घरात पोचल्यावर

१८. रेंजचा आकडा बघायला शिका. काड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’, तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* फिरवा आणि ‘आरएसआरपी’ शोधा. उणे ९० पर्यंत झकास, उणे १०० ला चालून जाईल, उणे ११० ला आवाज तुटेल, उणे १२० ला आशा सोडा.
*जपून:* आकडे उण्यात आहेत. उणे ८५ हे उणे १०५ पेक्षा चांगलं.

१९. तो आकडा बघत घरभर फिरा आणि खोलीगणिक वहीत लिहा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा सावकाश बदलतो.
*जपून:* बंद खिडकीशी उभं राहून फायदा होईलच असं नाही. थंड देशांत काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो रेंजही अडवतो. खिडकी उघडून परत आकडा बघा. आकड्यात फरक पडला की कारण सापडलं.

२०. आकडा वाईट असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. टॉवर नसला तरी घरच्या वायफायवरून तुमच्या नेहमीच्या नंबरवर कॉल येतील-जातील. लेकीच्या घरात तळघराची खोली तुमच्या वाट्याला आली असेल, तर हीच पायरी तुमची तारणहार.
*जपून:* अमेरिकेत ही सोय चालू करताना आणीबाणीचा पत्ता विचारतात. तिथे पुण्याचा नको, राहत्या घराचा टाका. ९११ लावल्यावर मदत त्याच पत्त्यावर येऊ शकते.

२१. फोन सारखा ५जी-४जी अशी उडी मारत असेल तर ‘नेटवर्क मोड’मध्ये ४जी निवडा. कॉल स्थिर होतो आणि बॅटरीही टिकते.
*जपून:* निव्वळ २जी किंवा ३जी निवडू नका. बऱ्याच देशांत ते उरलेलंच नाही.

२२. शहराबाहेर पडण्याच्या आदल्या रात्री गूगल मॅप्सवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. ग्रँड कॅनियनसारख्या ठिकाणी चांगल्या फोनलाही मोठ्या पट्ट्यात रेंज नसते.
*जपून:* नकाशा घरच्या वायफायवर उतरवा आणि एकदा एअरप्लेन मोड लावून उघडतोय का ते बघा.

परतल्यावर

२३. मुंबईला उतरलात की डेटा भारतीय सिमवर वळवा, नेटवर्क निवड आपोआपवर ठेवा आणि ५जी परत चालू करा.
*जपून:* वही टाकून देऊ नका. तुमच्या फोनचे बँड त्यात उतरवलेले आहेत, पुढच्या देशाला जाताना थेट चौथ्या पायरीपासून सुरुवात करा. फोन बदललात, तर मात्र पुन्हा पहिलीपासून!