विमानाचा वेळ आणि आपला वेळ



नागपूरहून मुंबई किती दूर आहे? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण याची उत्तरे तीन आहेत.

वर्धा, अकोला, भुसावळ या वाटेने रेल्वेने गेलो, तर अंतर ८३७ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो २०२५ साली पुरा झाला. नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते मुंबईचा विमानतळ हे आकाशातले अंतर मात्र सुमारे ६८० किलोमीटरच आहे. रुळांना आणि रस्त्यांना डोंगर, नद्या, गावे पाहून वळावे लागते. विमान वरून जवळजवळ सरळ जाते.

आता वेळ पाहू. मोठे विमान उंचावर तासाला सुमारे ८०० किलोमीटर जाते. म्हणजे मुंबईला एक ताससुद्धा लागू नये. मग तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ का असतो? कारण विमान आधी जमिनीवर सावकाश चालते. मग हळूहळू वर चढते. मुंबई जवळ आली की वेग कमी करत उतरते. तिथे गर्दी असली तर आपली पाळी येईपर्यंत घिरट्या घालते. हा सगळा वेळ त्या दीड तासात धरलेला असतो.

पण घरापासूनचा वेळ त्यात नसतो, बरं का! इथेच माणूस फसतो.

आमच्या ओळखीच्या एक बाई लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला निघाल्या. विमान सकाळी १० चे. एसटीसारखेच असेल असे समजून त्या साडेनऊला पोचल्या. विमान समोर उभे होते, पण आत घेण्याची वेळ टळून गेली होती. तिकिटाचे पैसे बुडाले. रात्रीच्या रेल्वेने त्या गेल्या. पोचल्या तेव्हा नातू जन्मलासुद्धा होता. लेकीच्या उशाशी आई नव्हती. बाईंना तिकीट वाचता येत होते. हिशेब तेवढा राहून गेला.

तो हिशेब आपण मांडू. समजा, घर काटोलकडच्या खेड्यात आहे.

घर ते विमानतळ: २ तास
सुटण्याआधी पोचणे: २ तास
विमान: दीड तास
सामान घेऊन बाहेर पडणे: अर्धा तास
मुंबईत घरी जाणे: १ तास
एकूण: ७ तास

म्हणजे १० च्या विमानासाठी घरून पहाटे ६ ला निघावे. दुपारी १ ला आपण लेकीच्या दारात! बहुतेक कंपन्यांची सामान घेण्याची खिडकी विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. म्हणून दोन तास हाताशी ठेवावे. फोटो असलेले ओळखपत्रही जवळ असू द्यावे.

आता तुम्ही सांगा. विमान दुपारी ३ ला सुटणार आहे. तुमच्या गावाहून किती वाजता निघाल? पाटीवर मांडून पाहा.