सळई दिसली त्या दिवशी

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि ओट्यावर धपकन काहीतरी पडलं. मांजराने डबा पाडला असेल म्हणून आत गेले, तर परातीतल्या कणकेवर छताचा पोपडा, पोळपाटाएवढा. वर तेवढीच जागा उघडी पडलेली आणि तिच्यात दोन सळया. स्टुलावर चढून बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले, चिरोट्यासारखे सुटे सुटे.

नवी मुंबईतल्या एका गावठाणात, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. मी दाणाबंदरात एका गाळ्यावर हिशेब लिहिते, नवरा माथाडी. खोली 'हेवी डिपॉझिट'वर घेतली होती. हा प्रकार इकडे सर्रास चालतो. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाममात्र किंवा नाहीच, आणि सोडताना रक्कम परत. आम्ही 3 लाख दिले. पतपेढीचं कर्ज, भिशी आणि माझी दोन पाटल्यांची जोडी. 50 हजारांचा चेक, बाकी रोख. करारात एजंटने 50 हजारच लिहिले. "एवढं दाखवायचं कशाला, ताई? सगळे असंच करतात." दिवसभर दुसऱ्यांच्या वह्यांतली बेरीज पकडणारी मी स्वतःच्या कागदावर मात्र नोंदणीच्या वेळी मुकाट अंगठा देऊन आले.

मालक खालीच राहायचे, साठीचे, बोलायला गोड. पोपडा दाखवला तर म्हणाले, "आमी बी ह्याच घरान ऱ्हातो ना, ताई." ते खरंही होतं, आणि म्हणूनच पुढे वाद घालता येईना. या गावांची गोष्टही एवढी सोपी नाही. 1970 मध्ये शहर वसवायला सिडको आली, शेतं आणि मिठागरं संपादनात गेली, घरातली माणसं वाढली, पण गावठाणाची हद्द तशी वाढली नाही. 1984 साली जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची वाट मोकळी झाली. पोरांच्या गरजेपोटी घर वाढवलं, हे मला पटतं. पण तिसरा-चौथा मजला चढवून त्यात अकरा बिऱ्हाडं भरली, ती गरज नव्हे, धंदा होता. धंदा म्हटला की त्याची डागडुजीही आली.

मालकांनी गवंडी पाठवला. त्याने सळईवर तसंच सिमेंट थापलं आणि चुना मारला. महिनाभरात ते ओल खाऊन पुन्हा फुगलं.

शहाबाजची आठवण तेव्हा ताजी होती. 27 जुलै 2024 च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावातली इमारत कोसळली, तीन माणसं गेली. तडकण्याची चाहूल आधी लागली म्हणून बाकीचे बाहेर पडू शकले. ती इमारत जेमतेम दहा वर्षांची होती, हे विशेष. कायद्यात 30 वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. न केल्यास 25 हजार रुपये किंवा वर्षभराचा मालमत्ता कर, यांतली मोठी रक्कम दंड. पण दहा वर्षांच्या कच्च्या बांधकामाला या चाळणीत कोण धरणार? आमची इमारतही पंधराच्या आसपासची.

मग मी पालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. हे एक मी बरोबर केलं. तक्रार तोंडी सांगू नका. फोटो तारखेसकट जोडा, आवक क्रमांक लिहून घ्या. नुसतं 'घर गळतं' म्हणू नका, काय दिसतं ते लिहा. भिंतीवरच्या जाळीसारख्या बारीक चिरा बहुधा प्लास्टरच्या असतात. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी गेलेली चीर मात्र आतली सळई गंजून फुगत असल्याची खूण. आमच्या जिन्याखाली तशीच होती. पाहायला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने तिथे चावीने टकटक केलं, भद्द आवाज आला.

मी विचारलं, "साहेब, मालकाला दुरुस्ती करायला लावाल ना? आणि डिपॉझिटचं?"

"ताई, इमारत धोकादायक असेल तर आम्ही नोटीस काढणार. भाडं, डिपॉझिट हे तुमच्या दोघांतलं. त्यात आम्हाला पडता येत नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या डोक्यात चित्रच वेगळं होतं. इंग्लंडमधली स्थानिक पालिका 2004 च्या कायद्याने भाड्याच्या घरातली ओल, थंडी, विजेचा धोका तपासते आणि मालकाला दुरुस्तीची नोटीस देते. आपल्याकडे पालिकेला इमारत दिसते, आत राहणारा भाडेकरू दिसत नाही. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 264 धोकादायक बांधकाम दुरुस्त करायला किंवा पाडायला लावतं. तपासणीत चार वर्ग ठरतात. सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2बी म्हणजे राहत राहत दुरुस्ती, आणि सी-3 किरकोळ. मला हवं होतं सी-2बी. अहवाल आला सी-2ए. वर चौथ्या मजल्याची परवानगीच नाही हेही त्यात उघड झालं आणि त्याची वेगळी नोटीस निघाली.

नोटीस मालकाच्या नावे होती, आम्ही खाली 'भोगवटादार' या एका शब्दात. गेटवर चिकटवली त्या रात्री मोटर बंद झाली. कळशी घेऊन तीन जिने चढताना शेजारणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्या दृष्टीने घर मीच घालवलं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवासुद्धा तोडायला मनाई करतं. पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाला भाडेकरू ठरतो का, यावरच वकील पहिला तास घालवतो. त्याच कायद्यातल्या कलम 14 चंही तसंच: मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करायची आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करायचा, अशी सोय आहे, पण ती भाडेकरूला, आणि करारात उलट काही लिहिलं नसेल तर. आमच्यासारख्यांना पागडीवाल्यांसारखा पुन्हा घर मिळण्याचा हक्कही नाही.

डिपॉझिट मागितलं तेव्हा मालकांचा गोडवा संपला. "तक्रार तुमी केली, मंग पैसं पन पालिकेकडून घ्या." आणि कागदावर 50 हजार. यातली गंमत ऐका. कराराची नोंदणीच केली नसती तर त्याच भाडे कायद्याच्या कलम 55 प्रमाणे जबाबदारी मालकाची, आणि मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत माझं म्हणणं ग्राह्य. आम्ही नोंदणी केली, पण खोट्या आकड्याची. माझाच अंगठा माझ्याविरुद्ध साक्षीला. पूर्ण रक्कम लिहिली असती तर मुद्रांकात फार तर शंभर रुपयांचा फरक पडला असता.

म्हणून खोली बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर किती मोठं यापेक्षा जिन्याखालचे कॉलम आणि गच्चीची टाकी आधी बघा. नवा रंग एकाच कोपऱ्याला असेल तर का, ते विचारा. धोकादायक इमारतींची यादी पालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, संकेतस्थळावर असते. टोकन देण्याआधी त्यात नाव शोधा. पण यादीत नाही म्हणजे मजबूत, असं नव्हे. आमची कधीच नव्हती. भोगवटा प्रमाणपत्र मागा. मालक त्याऐवजी कराची पावती पुढे करेल. कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. आणि कराराची नोंदणी झाली म्हणजे इमारत कुणी तपासली, असाही समज नको. नोंदणीवाला घर बघायला येत नाही.

आधीच आत असाल आणि सळई दिसली असेल, तर तक्रार करा, टाळू नका. फक्त क्रम माझ्यासारखा ठेवू नका. आधी मालकाकडून पूर्ण रकमेची कबुली लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर. सगळ्या बिऱ्हाडांना बसवून एका कागदावर सह्या घ्या, म्हणजे बोट एकट्यावर येत नाही. दुसरी खोली कुठे मिळेल हे बघून ठेवा, कारण उत्तर 'रिकामी करा' असंच येऊ शकतं. आणि हे सगळं एप्रिलमध्ये करा. आम्ही ऑगस्टच्या पावसात गाद्यांना प्लास्टिक गुंडाळून टेम्पोत चढलो.

मालकांनी आजवर 1 लाख 60 हजार दिले, पाच-दहा हजारांनी. ते सुद्धा एका व्हॉइस मेसेजमुळे. गणपतीच्या आधी त्यांनी स्वतःच पाठवलेला: "तुमचं तीन लाख मी बुडवनार नाय, जरा थांबा." वकील बाईंनी तो ऐकवून नोटीस धाडली तेव्हा पहिला हप्ता आला.

आता ऐरोलीत वन आरके घेतलाय, महिन्याच्या भाड्याने. करार करताना एजंट म्हणाला, "डिपॉझिट थोडं कमी दाखवू या?" मी आकडा अंकात आणि अक्षरात, दोन्हीत लिहायला लावला. तो मेसेज माझ्या आणि नवऱ्याच्या, दोन्ही फोनांत ठेवलाय. अजून 1 लाख 40 हजार यायचे आहेत.