‘एबल’ व ‘इबल’ प्रत्ययान्त इंग्रजी शब्द

इंग्रजी शिकताना ‘रीडेबल’, ‘वॉशेबल’, ‘व्हिजिबल’, ‘पॉसिबल’ असे शब्द वारंवार भेटतात. मुले ते सुटे सुटे पाठ करतात व लवकरच विसरतात. हे शब्द एकाच कुळातील आहेत हे शिक्षकाने दाखवून दिल्यास पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो.

या प्रत्ययांचे मूळ लॅटिन भाषेतील ‘आबिलिस’ व ‘इबिलिस’ या प्रत्ययांत आहे. फ्रेंच भाषेच्या द्वारे ते इंग्रजीत आले. जिच्यावर एखादी क्रिया होऊ शकते किंवा जी त्या क्रियेस योग्य आहे, अशी वस्तू त्यांनी दर्शविली जाते. संस्कृतातील ‘अनीय’ व ‘य’ हे प्रत्यय आणि मराठीतील ‘जोगा’ हा शब्द यांच्याशी त्यांचे निकटचे साम्य आहे. ‘ड्रिंकेबल’ म्हणजे पेय, पिण्याजोगे. ‘ऑनरेबल’ म्हणजे माननीय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘एबल’ हा समर्थ या अर्थाचा स्वतंत्र शब्द मुलांना ठाऊक असतो; म्हणून ‘रीडेबल’ म्हणजे वाचू शकणारा, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः तो स्वतंत्र शब्द ‘हाबिलिस’ या निराळ्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. ‘रीडेबल’ पुस्तक असते, वाचक नव्हे. ‘केपेबल’सारखे कर्त्याचा गुण सांगणारे शब्द थोडे आहेत; ते अपवाद म्हणून सांगावेत.

दोन्ही प्रत्ययांचा उच्चार बोलताना जवळजवळ सारखाच होतो. त्यामुळे शुद्धलेखनात चुका होतात. त्यासाठी एक कसोटी उपयोगी पडते. प्रत्यय काढून टाकल्यावर पूर्ण इंग्रजी शब्द उरला, तर बहुधा ए-बी-एल-ई लिहावे : रीड, वॉश, ड्रिंक. अपुरा लॅटिन अंश उरला, तर बहुधा आय-बी-एल-ई लिहावे. ‘व्हिजिबल’, ‘ऑडिबल’ व ‘एडिबल’ यांच्या मुळाशी पाहणे, ऐकणे व खाणे या अर्थांचे लॅटिन धातू आहेत. ही कसोटी निरपवाद नाही. ‘प्रॉबेबल’, ‘सेन्सिबल’, ‘फ्लेक्झिबल’ असे शब्द वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

नवे शब्द आज ‘एबल’ने बनतात, ‘इबल’चे शब्द बहुतेक जुनेच आहेत. कधी दोहोंच्या अर्थांत भेदही पडतो. ‘लेजिबल’ म्हणजे सुवाच्य, ‘रीडेबल’ म्हणजे बहुधा वाचनीय. अक्षर सुवाच्य असूनही निबंध वाचनीय नसेल, हे उदाहरण मुलांना तात्काळ पटते.

नकारार्थी रूपे करताना ‘एबल’पूर्वी बहुधा ‘अन्’ येतो, तर ‘इबल’पूर्वी बहुधा ‘इन्’. हा ‘इन्’ पुढील वर्णानुसार बदलतो : ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लेजिबल’, ‘इर्रिस्पॉन्सिबल’. ‘तत्’ व ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होते, हे जाणणाऱ्या मुलास यात नवल वाटणार नाही.

वर्गात फळ्यावर पाच परिचित क्रियापदे लिहावीत, मुलांकडून प्रत्यय लावून घ्यावा व प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत वदवून घ्यावा. शब्दाची फोड करण्याची सवय लागली, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरील अनोळखी शब्दाचा अर्थही मूल स्वतः शोधू लागते. ज्या घरी इंग्रजी विचारण्यास कोणी नाही, तेथील मुलास ही सवय विशेष उपयोगी पडते.